पुराच्या कामाला जुना मिलिटरी ट्रक: आठ महिन्यांचा अनुभव

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, पाण्यात किती खोल जातो? आमचा एम ३५ ए २ आहे, अमेरिकन लष्कराचा जुना ट्रक, अडीच टनी (म्हणजे तेवढा माल नेणारा), सिक्स बाय सिक्स, म्हणजे सहाही चाकांना इंजिनचा जोर. कागदावर ३० इंच, आणि खोल पाण्याचं किट बसवलं तर ७२. आमच्याकडे किट नाही. आठ महिन्यांत ३० इंचाच्या पुढं जायची वेळ दोनदा आली, दोन्ही वेळा मागं फिरलो, कारण पाणी वाहतं होतं. रिकामाच जवळजवळ सहा टन आहे तरी धारेत घालायचा नाही म्हणजे नाही, खाली रस्ता आहे का वाहून गेलाय हे सीटवरून काय कळणार? साचलेल्या पाण्यात मात्र राजा आहे, फक्त हळू चालवा. जरा जोरात गेलं की मागून लाट उठते आणि ज्यांना वाचवायला आलोय त्यांच्याच घरात शिरते, एकदा लोकांनी गॅलरीतून शिव्या घातल्या आणि बरोबरच होत्या.

इंजिन ७.८ लिटरचं मल्टिफ्युएल, म्हणजे वेगवेगळ्या इंधनांवर चालणारं, आम्ही आपलं डिझेलच टाकतो. स्पार्क प्लग नाही, कॉम्प्युटर नाही, त्यामुळं भिजून बंद पडेल असं फारसं काही नाहीच, हवा ओढायच्या तोंडात पाणी जाऊ द्यायचं नाही बस. चावीपण नाही! स्विच टाकून स्टार्टर दाबायचा, बंद करायला केबल ओढायची, नवीन पोरं हमखास गोंधळतात. सिस्टीम २४ व्होल्टची, कारची १२ची, म्हणजे बॅटरी उतरली तर शेजारच्या कारवरून जंप मारायचं विसरा. पॉवर स्टेअरिंग नाही, गल्लीत वळवताना खांदे निघतात.

आता ब्रेक. यावर कोणी बोलत नाही म्हणून लिहितोय. हवेच्या मदतीने चालणारे हायड्रॉलिक आहेत, पण सर्किट एकच, एक पाइप फुटला की सगळ्या चाकांचे ब्रेक गेले, पेडल थेट तळाला. आम्ही घेतल्या घेतल्या सगळे होज बदलले, तुम्हीपण आधी तेच करा, रंग नंतर. आणि पाण्यातून बाहेर आलं की ड्रम ओले असतात, लागतच नाहीत, थोडं अंतर पेडल हलकं दाबून चालवायचं म्हणजे वाळतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, एका भिंतीनं सांगितलं.

खरं काम पूर ओसरल्यावर सुरू होतं. चालून गरम झालेला ॲक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सील जरा जरी जुनं असेल तरी पाणी आत ओढलं जातं. पहिल्या वेळी आम्ही दोन दिवस लोकं काढली, ट्रक धुऊन उभा केला आणि खूश होऊन घरी गेलो. तीन आठवड्यांनी डिफरन्शियलचा (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचा) प्लग खोलला तर ऑइलऐवजी पांढरट दुधाळ चिकट काहीतरी बाहेर आलं, बेअरिंगवर गंज धरायला सुरुवात झाली होती. आता नियम केलाय, पाण्यातून आला की त्याच आठवड्यात तिन्ही ॲक्सलचं ऑइल बघायचं, ग्रीस मारायचं, पायरीखालच्या बॅटरीच्या डब्यातला चिखल काढायचा. एका दिवसाच्या कामाला मागे तीन दिवस पान्हे. हे जमणार नसेल तर घेऊ नका, सरळ बोट घ्या.

अजून एक, हौदा छातीएवढा उंच आहे. सैनिक उडी मारून चढत असतील, सत्तरीच्या आजी कशा चढणार? पहिल्या दिवशी शिडीच नेली नव्हती. मग त्यांच्याच घरातली प्लास्टिकची खुर्ची घेतली, त्यात बसवून चौघांनी आजींना उचलून वर दिलं, त्या सारख्या म्हणत होत्या अरे पाडाल मला. शिडी दुसऱ्याच दिवशी आणली. खुर्ची अजून हौद्यातच आहे, परत द्यायची राहिली.