कोयादोफू घेताना: साधा पुडा घ्या, मसाल्याची पुडी जोडलेला नको

जपानी सुपरमार्केटमध्ये शाकाहारी माणसाने डोळे झाकून घ्यावं असं फार थोडं असतं. कोयादोफू, म्हणजे गोठवून वाळवलेला टोफू (सोयाबीनचं पनीर), त्या थोड्यांत पहिलं येतं, पण एका अटीवर. पुड्यावर सोबत रश्शाची पूड आहे असं लिहिलेलं असेल, तर तो पुडा परत मांडणीवर ठेवावा. त्या पुडीत जवळजवळ नेहमीच कात्सुओ, म्हणजे बोनिटो माशाचा अर्क असतो. ॲलर्जीची चौकट वाचून हे कळत नाही, कारण जपानच्या ॲलर्जी यादीत सामन आणि मॅकरेल आहेत, कात्सुओ नाही. बारीक अक्षरांतली घटकांची यादीच वाचावी लागते. साध्या पुड्याची यादी एका ओळीत संपते: सोयाबीन, सोयाबीनचं दूध फाडून टोफू जमवणारं क्षार आणि खायचा सोडा किंवा पोटॅशियम कार्बोनेट.

नाव वाकायामामधल्या कोयासानवरून आलं आहे. बौद्ध भिक्षू कूकाई यांनी इ. स. ८१६ मध्ये वसवलेलं हे मठांचं डोंगरी गाव. थंडीत बाहेर राहिलेला टोफू गोठला आणि त्यातून हा पदार्थ निघाला, अशी आख्यायिका तिथे सांगतात. आज मात्र बाजारातलं बहुतेक उत्पादन नागानो प्रांतात होतं. तिथले लोक त्याला शिमीदोफू म्हणतात आणि पुड्यावर अधिकृत नाव कोरीदोफू असंही दिसतं. तिन्ही नावांचा माल एकच.

घट्ट टोफूचे काप गोठवून शून्याच्या किंचित खाली सुमारे तीन आठवडे ठेवतात. बर्फाचे स्फटिक वाढतात तशी प्रथिनांची जाळी एकमेकींवर दाबली जाते आणि वितळल्यावर स्पंजासारखी छिद्रं उरतात. मग पाणी काढून वाळवतात. सगळी खुबी या छिद्रांत आहे. वाळलेला तुकडा साधारण साडेसोळा ग्रॅमचा, भिजून शिजला की जवळपास पाचपट होतो. शंभर ग्रॅम कोरड्या मालात ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि ६०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. दहा तुकड्यांचा पुडा साधारण ३०० ते ५०० येनमध्ये मिळतो. प्रथिनांचा हिशेब केला तर हा सौदा उत्तम आहे.

चव मात्र त्याला स्वतःची जवळजवळ नाही. तो जे पितो तीच त्याची चव, त्यामुळे इथे खरा पदार्थ दाशी, म्हणजे जपानी स्वयंपाकातलं चवीचं पाणी, आहे. साध्या जपानी हॉटेलात किंवा तयार डब्यात मिळणारं शिजवलेलं कोयादोफू दिसायला पूर्ण शाकाहारी असतं, पण त्याने प्यायलेली दाशी बहुधा कात्सुओची असते. मठांच्या शाकाहारी स्वयंपाकात, म्हणजे शोजिन र्‍योरीत तसं होत नाही. तिथे मासा नाहीच, वर लसूण, कांदा, पात असले उग्र जिन्नसही वर्ज्य. घरी करताना तोच रस्ता धरावा: कोम्बू (सुकवलेलं समुद्री शेवाळ) आणि सुकी शिताके अळिंबी.

दोन्ही एकत्र का? कोम्बूत ग्लुटामिक आम्ल असतं, आणि कोम्बूची चव त्यामुळेच आहे हे जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये शोधलं. कात्सुओमधलं इनोसिनिक आम्ल या ग्लुटामेटची चव कितीतरी पटींनी वाढवतं. मासा काढला की ती जागा रिकामी होते आणि नुसत्या कोम्बूची दाशी सपाट लागते. शिताकेतलं ग्वानिलिक आम्ल नेमकं तेच काम करतं. म्हणून इथे शिताकेला पर्याय नाही.

कोम्बू १० ग्रॅम, पाणी १ लिटर. ओल्या फडक्याने वरची धूळ पुसा, पण पांढरी भुकटी धुऊन टाकू नका, ती चवीचीच आहे. निदान अर्धा तास भिजवा, मग मंद आचेवर तापवा आणि तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागले की पट्टी काढून घ्या. उकळी फुटू दिली तर पाणी बुळबुळीत आणि कडवट होतं. होक्काइदोचा रिशिरी किंवा मा-कोम्बू या स्वच्छ दाशीला चांगला. हिदाका मऊ शिजतो, खायला छान, पण त्याची दाशी पातळ पडते.

शिताके चार, साधारण १५ ग्रॅम, ३०० मिली गार पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये. घाईने कोमट पाण्यात भिजवली तर ग्वानिलिक आम्ल मोडणारं विकरही कामाला लागतं आणि चव उतरते. मुळात हे आम्ल बहुतांशी तापवताना, ६० ते ७० अंशांच्या दरम्यान तयार होतं. म्हणून ते पाणी उकळत्या दाशीत ओतू नका. गार असतानाच मिसळा आणि हळूहळू तापवा. प्रमाण ३५० मिली कोम्बूच्या दाशीला १५० मिली शिताकेचं पाणी. यापुढे गेलात तर सगळ्याला अळिंबीचाच वास येतो.

आता कोयादोफू. पाच तुकडे, सुमारे ५० अंशांच्या पाण्यात, एकदा उलटवून, मधला भाग मऊ होईपर्यंत भिजवा. पाच-सात मिनिटं पुरतात. मग गार पाण्यात दोन तळव्यांमध्ये सपाट धरून दाबा. पिळा देऊ नका, कडा फाटतात. पाणी दुधाळ यायचं थांबलं की झालं. जुन्या पाककृतींत उकळतं पाणी ओतायला सांगतात, ते आजच्या मालाला सोसत नाही. सोड्यामुळे किंवा पोटॅशियम कार्बोनेटमुळे हा माल आधीच मऊ असतो. काही पुड्यांवर न भिजवता थेट रश्शात सोडायला सांगितलेलं असतं, तिथे पुड्याचंच ऐका आणि दाशी शंभर मिली वाढवा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते पुढच्या पायरीवर. तुकडे बिनचवीच्या दाशीत सोडून मीठ-साखर नंतर घातली, की ते विरघळल्यासारखे होतात, कडा झडतात, रस्सा गढूळ होतो. साखर आणि मीठ आधीच पाण्यात असलं तर तुकडा आकार धरून राहतो. म्हणून ५०० मिली दाशीत साखर ३ मोठे चमचे, मिरिन (स्वयंपाकाची गोड तांदळाची दारू) २ मोठे चमचे, उसुकुची सोया सॉस १ मोठा चमचा आणि मीठ अर्धा छोटा चमचा घालून उकळी आणा. (मोठा चमचा १५ मिलीचा, छोटा ५ मिलीचा.) मगच आच मंद करून तुकडे एका थरात ठेवा. उसुकुची रंगाने फिकी, पण नेहमीच्या सोया सॉसपेक्षा खारट असते, तेव्हा बदली घालताना माप तसंच ठेवू नका. गडद सॉसने तुकडे तपकिरी होतात, चवीला मात्र बाधा येत नाही.

भांड्यापेक्षा लहान झाकण थेट तुकड्यांवर टेकवा. असं झाकण, म्हणजे ओतोशिबुता, नसेल तर मध्ये भोक पाडलेला बेकिंग कागद चालतो. हे टाळू नका, त्याशिवाय वरचा भाग कोरडाच राहतो. १५ ते २० मिनिटं, रस्सा नुसता हलत राहील इतक्या आचेवर. गॅस बंद करून त्याच रश्शात निदान अर्धा तास निवू द्या, कारण चव आत मुरते ती निवताना. गरम तुकडा चॉपस्टिकने उचलला तर तुटतो, पसरट उलथनं घ्या. वाढताना हलकेच दाबून चार भाग करा आणि थोडा रस्सा वर सोडा. भिजलेली शिताके फेकू नका, कापून याच भांड्यात शिजवा.

बारीक चौकोनी तुकड्यांचा पुडा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) सुपासाठी सोयीचा. मिसोचा खारटपणा त्याला सांभाळून घेतो, पण तुकडे मिसो विरघळल्यानंतरच टाका. या शिजवण्याला मात्र ते तुकडे घेऊ नका, त्यांत रस्सा साठवण्याइतकी जाडी नसते.

उरलेले तुकडे दुसऱ्या दिवशी तळावेत. नीट दाबून रस्सा काढा, बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवा, १७० अंशांच्या तेलात तीनेक मिनिटं. आत रस्सा राहिला तर तेल जोरात उडतं, तेव्हा दाबण्यात कंजूषपणा नको. शिजवलेलं फ्रिजमध्ये रश्शासकट दोन-तीन दिवस टिकतं. कोरडा माल टिकाऊ वाटतो, पण त्याचा एक तृतीयांश भाग चरबी आहे. फोडलेला पुडा उष्ण जागी राहिला तर तुकडे पिवळे पडतात आणि खवट वास येतो. असा तुकडा कितीही चांगल्या दाशीत सुधारत नाही, टाकूनच द्यावा.