अंदमान: हॅवलॉकला एक रात्र अजिबात पुरत नाही

डिसेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन जाऊन आलो. सेल्युलर जेल आधी बघा, ७ पैकी ३ विंगच उरल्यात, सावरकरांची कोठडी अगदी वर टोकाला आहे, बाबा तिथे कितीतरी वेळ नुसते उभे होते, बोललेच नाहीत. मग फेरीने हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. राधानगर बीच!! इतकी मऊ पांढरी वाळू मी कोकणात कुठेच पाहिली नाही, आणि हो, तिथे साडेपाचच्या आतच अंधार पडायला लागतो त्यामुळे चारलाच जाऊन बसा, आम्ही पहिल्या दिवशी उशिरा गेलो आणि सनसेट हुकला. एलिफंट बीचला स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून श्वास घेत पाण्याखालचं बघणं) नक्की करा, पोहता येत नसलं तरी चालतं, ट्यूब धरून गाईड नेतो, आईने साठीत केलं! नील बेटावरचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट बघता येतो, पण आमच्या टूरवाल्याने भरतीच्या वेळी नेलं, फार वाईट वाटलं. वेळा स्वतः विचारून घ्या. आणि प्लीज, कोरल शिंपले उचलून आणू नका.