संगणक आपोआप सुरू करायचा आहे: बायोसचा अलार्म, विंडोजचा टायमर, टायमर प्लग की नेटवर्क?

आधी हे ठरवा: रात्री संगणक कसा ठेवता? शटडाउन करून, झोपवून (म्हणजे स्लीपमध्ये), की भिंतीवरचं बटणच बंद करून? डेस्कटॉप शटडाउन केला तरी पॉवर सप्लाय ५ व्होल्टची एक बारीक लाइन चालूच ठेवतो, आणि अलार्म असो वा नेटवर्क, मदरबोर्डला उठवणारी यंत्रणा त्याच लाइनवर असते. बटण बंद केलंत की तीही गेली. घरात रात्री सगळी बटणं बंद करायची शिस्त असेल, तर आधी या एका बटणाला त्यातून सूट मिळवा.

डेस्कटॉप आहे आणि वेळ रोज तीच, तर बायोसच्या (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या, मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रॅमच्या) अलार्मपुढे बाकी मार्ग फिके आहेत. विंडोज बिघडलेलं असलं तरी यंत्र वेळेवर सुरू होतं, आणि वेगळं काही विकत आणावं लागत नाही. सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा (एचपीवर एफ१०). असुसच्या बोर्डवर 'एपीएम कॉन्फिगरेशन'मध्ये 'पॉवर ऑन बाय आरटीसी' (आरटीसी म्हणजे मदरबोर्डवरचं घड्याळ) सापडेल, गिगाबाइटवर 'रिझ्यूम बाय अलार्म', एमएसआयवर 'वेक अप इव्हेंट सेटअप'मध्ये 'रिझ्यूम बाय आरटीसी अलार्म', डेलवर 'ऑटो ऑन टाइम'. डेलवर सोमवार ते शुक्रवार असे वारही निवडता येतात. साध्या बोर्डांवर बहुधा फक्त तारीख आणि वेळ असते. तारखेच्या जागी शून्य किंवा 'एव्हरी डे' ठेवा. तिथे १५ टाकलंत तर यंत्र महिन्यातून एकदाच, १५ तारखेला उठेल. घड्याळ २४ तासांचं असतं, संध्याकाळचे साडेसहा म्हणजे १८:३०.

हा अलार्म फसतो त्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं बायोसमधलं 'ईआरपी'. बंद यंत्राने अर्ध्या वॅटपेक्षा जास्त वीज खाऊ नये, या युरोपीय नियमासाठीची ही सोय आहे. ती चालू असेल तर उठवणाऱ्या सर्किटचीच वीज तोडली जाते, म्हणून ती 'डिसेबल्ड' ठेवा. दुसरं मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल. वीज गेल्यावर घड्याळ आणि तारीख मागे जात असेल तर सेल संपलाय, आधी तो बदला. तिसरं कारण लिनक्सवाल्यांसाठी: लिनक्स बायोसचं घड्याळ सहसा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवतं, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. तेव्हा सकाळी ६ ला उठवायचं तर अलार्म ००:३० ला लावावा लागतो. विंडोज तेच घड्याळ स्थानिक वेळेवर धरून चालतं, त्यामुळे एकाच यंत्रावर दोन्ही असतील तर आधी दोघांचं एकमत करा. फक्त लिनक्स असेल तर बायोसच्या वाटेला न जाता 'आरटीसीवेक' (rtcwake) ही कमांड वापरणं सोपं, त्यात दर दिवशी वेगळी वेळही देता येते.

लॅपटॉपच्या बायोसमध्ये असा अलार्म अनेकदा नसतोच. तिथे विंडोजचा टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी ठरलेलं काम चालवणारी सोय. नवं टास्क बनवून 'कंडिशन्स'मध्ये 'वेक द कॉम्प्युटर टू रन धिस टास्क' वर टिक करा. त्याच पानावर 'फक्त चार्जर लावलेला असताना चालव' अशा अर्थाची टिक आधीपासून असते, ती गरजेनुसार काढा. मग पॉवर ऑप्शन्समध्ये 'स्लीप'खाली 'अलाऊ वेक टायमर्स' पूर्ण 'एनेबल' करा. 'इम्पॉर्टंट' वाला पर्याय तुमच्या टास्कला मोजत नाही. टायमर लागला का, हे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी' ला 'वेकटायमर्स' जोडून (powercfg /waketimers) कळतं.

बायोसच्या तुलनेत या मार्गाच्या दोन उणिवा आहेत. झोपलेलं यंत्र उठतं, शटडाउन केलेलं नाही. आणि उठल्यावर कोणी कीबोर्डला हात लावला नाही, तर विंडोज साधारण दोन मिनिटांत परत झोपतं. मोठा बॅकअप अर्धवट राहण्याचं हे नेहमीचं कारण. 'अनअटेंडेड स्लीप टाइमआउट' ही सेटिंग लपवलेली असते, ती उघडून वेळ वाढवावी लागते. झोपेचा खर्च मात्र क्षुल्लक: डेस्कटॉप झोपेत ३ वॅट घेतो असं धरलं तरी महिन्याला सुमारे सव्वादोन युनिट. एक बजावून सांगायचं, असं टास्क लावलेला लॅपटॉप बॅगेत कोंबू नका. तो आतल्या आत उठतो आणि तापतो.

टायमर प्लग लोक सर्वात आधी विकत घेतात, आणि आमच्या मते तो सर्वात शेवटी घ्यावा. कल्पना सोपी: बायोसमध्ये 'रिस्टोअर एसी पॉवर लॉस' ला 'पॉवर ऑन' करायचं, मग प्लगने वीज दिली की संगणक सुरू. पण भारनियमनाच्या भागात किंवा महावितरणच्या देखभालीच्या दिवशी वीज जितक्या वेळा येईल तितक्या वेळा तो सुरू होणार. चकतीवर १५-१५ मिनिटांच्या खुंट्या असलेला स्वस्त यांत्रिक टायमर विजेवरच चालतो, म्हणून दोन तास वीज गेली की तो दोन तास मागे पडतो. डिजिटल टायमरला आत बॅटरी असते, तो टिकतो. आणि वीज तोडण्याची वेळ आली तेव्हा विंडोज चालू असेल तर फायली बिघडायची भीती, त्यामुळे प्लगच्या आधी दहा मिनिटं शटडाउनचं टास्क हवंच. यूपीएस असेल तर त्याच्या पुढे, म्हणजे संगणकाच्या बाजूला, प्लग लावा. भिंतीकडे लावलात तर यूपीएसमुळे संगणकाला वीज गेल्याचं कळतच नाही.

वेळ ठरलेली नसेल तर वेक-ऑन-लॅन, म्हणजे नेटवर्कवरून इशारा देऊन यंत्र उठवणं. फोनवरून १०२ बाइटचं 'मॅजिक पॅकेट' पाठवलं की यंत्र उठतं. त्यासाठी संगणक केबलने राउटरला जोडा, वायफायवर भिस्त ठेवू नका. ईआरपी बंद, विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद, नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांत 'वेक ऑन मॅजिक पॅकेट' चालू. घराबाहेरून करायचं असेल तर घरात सतत चालू असणारं छोटं यंत्र किंवा तशी सोय असलेला राउटर लागतो, कारण अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही.

मॅकवर वेळापत्रकाचं पान मॅकओएसच्या व्हेंच्युरा आवृत्तीपासून (२०२२) सेटिंग्जमधून गेलं. टर्मिनलमधली 'पीएमसेट' (pmset) कमांड तेच काम करते.

कोणताही मार्ग घेतलात तरी सुरू होणं म्हणजे लॉगिन होणं नव्हे. यंत्र पासवर्डच्या पडद्यावर थांबतं, आणि 'स्टार्टअप'मधले प्रोग्रॅम लॉगिनशिवाय उघडत नाहीत. टास्कमध्ये 'रन व्हेदर यूजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट' निवडा, आपोआप लॉगिनपेक्षा ते सुरक्षित. डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकरला पिन असेल किंवा मॅकवर तसंच काम करणारं फाइलव्हॉल्ट चालू असेल, तर बंद यंत्र सुरू होऊनही पासवर्डपाशीच अडणार.

भरवसा ठेवण्याआधी अलार्म दहा मिनिटं पुढचा लावून शटडाउन करा आणि बघा. मग दुसऱ्यांदा, शटडाउननंतर मिनिटभर प्लग काढून परत लावा. काही बोर्डांवर वीज जाऊन आल्यावर एकदा हाताने सुरू केल्याशिवाय अलार्म किंवा वेक-ऑन-लॅन चालत नाही. तुमचा बोर्ड तसा निघाला तर 'रिस्टोअर एसी पॉवर लॉस' ची जोड द्या, नाहीतर छोटा यूपीएस घ्या.