विवाहपूर्व रक्त तपासणीचं पॅकेज: सुई चोख, रिपोर्ट अर्धवट

चिपळूणच्या बाजारपेठेतल्या एका खाजगी कलेक्शन सेंटरच्या पॅकेजबद्दल. चाकरमानी गणपतीला, मे महिन्यात गावी आले की लग्नं ठरतात, तेव्हा हे जोरात खपतं. रक्तगट, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि हिमोग्लोबिन एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी). त्यातली कामाची शेवटची; थॅलेसेमिया मायनर (म्हणजे या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक) आणि सिकलसेलचा वाहक दोन्ही तिच्यात सापडतात.

रक्त काढण्यात बोट ठेवायला जागा नाही. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी खुणेपर्यंत भरतात, आठ-दहा वेळा हळूच उलटीपालटी करतात. उपाशी बोलावत नाहीत, गरजही नसते. तपासणीसाठी मुंबईला जाणाऱ्या डब्यात नळी आणि बर्फाची पिशवी यांच्या मधे पुठ्ठा असतो. तो नसेल तर नळी गोठते, पेशी फुटतात.

घोळ सीबीसीचा. तीही मुंबईलाच जाते. दीड दिवस पडून राहिलेल्या रक्तातल्या लाल पेशी फुगतात आणि एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, आहे त्यापेक्षा जास्त येतो. मायनरचा पहिला इशारा 80 च्या खालचा एमसीव्ही, नेमका तोच झाकला जातो. सीबीसी त्याच दिवशी गावातल्या लॅबमध्ये करा.

एचपीएलसीत ए2 हा हिमोग्लोबिनचा प्रकार बघतात; बहुतेक मायनरांत तो 4 ते 6 टक्के असतो. 3.4 आलं की हे 'नॉर्मल' छापून मोकळे होतात. लोह कमी असलं तर ए2 खाली उतरतं. एमसीव्हीही कमी असेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघून, लोह भरून काढून तपासणी पुन्हा हवी. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलंय का, हा प्रश्न फॉर्मवर नाहीच. दुसऱ्याचं रक्त मिसळलेलं असताना आकड्यांना काय अर्थ?

सर्वांत मोठी उणीव म्हणजे दोघांचे रिपोर्ट एकत्र कुणी बघत नाही. एकच जण मायनर असेल आणि दुसऱ्याचं रक्त खरोखर स्वच्छ असेल, म्हणजे तो कशाचाच वाहक नसेल, तर मूल मेजर (थॅलेसेमियाचा गंभीर रुग्ण) होत नाही. लग्न मोडायचं कारण नाही. दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मेजरची शक्यता 25 टक्के. मग दिवस राहण्याआधीच दोघांची डीएनए तपासणी हवी, कारण बाळात कोणता बिघाड शोधायचा ते तिथून कळतं. बाळाच्या तपासणीसाठी वारेचा नमुना 11 ते 13 आठवड्यांत घेतात, गर्भजलाचा 16 व्या आठवड्यानंतर. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे हे काम होतं. आपल्याकडे बायको तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात नाव घालते आणि नवरा ट्रॉलरवर, इथेच आठवडे निघून जातात. नवरा मुंबईत असेल तर याच सेंटरच्या तिथल्या शाखेत रक्त देता येतं, ही सोय मात्र खरीच चांगली.

पॅकेज नको. इथे एचपीएलसी एकटी मागा, सीबीसी गावातल्या लॅबमध्ये. काउंटरवर आधी 'नाही होत' म्हणतात, पण दरपत्रकात ती वेगळी आहे.