बाहुलीचे कपडे शिवायचेत? आधी तिची उंची ठरवा

संग्रहातल्या बाहुल्यांचे कपडे शिवायचा छंद लावून घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास मशीनचा येतो. कुठलं घेऊ, केवढ्याचं घेऊ. माझं म्हणणं, मशीन राहू द्या. बाहुली केवढी हे एकदा ठरलं की कापड, सुई, खर्च आणि चिडचिड सगळं त्यामागोमाग ठरत जातं. नवशिक्यांची निवड बहुतेक वेळा तिघींत अडते: साडेअकरा इंची बार्बी, अठरा इंची कापडी धडाची बाहुली, आणि साठ सेंटिमीटरच्या आसपासची, गोल सांध्यांची रेझिनची बाहुली. या शेवटच्या प्रकाराला हौशी मंडळी बीजेडी (बॉल-जॉइंटेड डॉल) म्हणतात.

बार्बी मॅटेलची, १९५९ सालची. उंची २९ सेंटिमीटर. सहाने गुणलं तर १७४, म्हणजे चांगली उंच बाई. म्हणून तिला एक षष्ठांश माप म्हणतात. अठरा इंचीत अमेरिकन गर्ल हे मोठं नाव, १९८६ पासूनचं. तिची अंगलट लहान मुलीची: पोट जरा सुटलेलं, कंबर-छातीत फारसा फरक नाही, त्यामुळे टक्सची भानगडच नाही. बीजेडीची आजची लाट जपानच्या व्होक्स कंपनीच्या १९९९ च्या सुपर डॉल्फीपासून सुरू झाली. ही बाहुली आतून इलॅस्टिकने ओवलेली असते, हाताचे पंजे काढता येतात, आणि किंमत सहज पाच आकडी.

कापडाच्या गावात कापडाची पंचाईत

सोलापुरात राहून कापडाला काय तोटा, असं वाटेल. पण ज्या कापडावर आपल्या गावाचं नाव चालतं, ते या कामाला जवळजवळ निरुपयोगी. चादर जाड, जॅकार्डची, नक्षी वीतभर. बाहुलीच्या पलंगावर घाला, अंगावर नको. टॉवेलच्या कापडाचे फासे बार्बीला इतके मोठे दिसतात की बाथरोब घातलेली बाई मेंढी वाटते. अठरा इंचीला मात्र नॅपकिनचा बाथरोब झकास होतो, आणि नॅपकिनची तयार कड खालच्या घेराला वापरली की दुमडायचं कामही वाचतं.

खरा खजिना आहे गणवेशांच्या कारखान्यांत. शाळेचे शर्ट, पिनाफोर, पँट इथे ढिगाने शिवले जातात आणि कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांचे ढीग पडतात. ओळखीतून विचारलं तर "न्या की ओ, टाकायच्याच आहेत" असं उत्तर मिळण्याची शक्यता बरीच. या चिंध्यांत टेरिकॉटचं शर्टिंग आणि बारीक चौकडे अठरा इंचीसाठी अगदी बेताचे. पँटचं सुटिंग बीजेडीच्या कोटाला उत्तम, कारण तिच्या एक तृतीयांश मापात कॉलर, खिसा, खरं काज हे सगळं करता येतं. बार्बीला यातलं फार थोडं चालतं. शर्टिंगची कॉलर उलटवली की चार पदर जमतात आणि तिच्या मानेला पट्टा बांधल्यासारखं दिसतं.

बार्बीसाठी कपाट धुंडाळा. शंभर वेळा धुतलेली मलमलची ओढणी, आजोबांचं मऊ धोतर, पुरुषांचा सुती रुमाल. रुमालाची गंमत अशी की त्याची कड आधीच बारीक दुमडून शिवलेली असते. फ्रॉकचा खालचा घेर त्या कडेवर आणून कापला की तुरपाई टळते, आणि इतकी बारीक तुरपाई आपल्या हातून तरी कुठे होणार! नवं घ्यायचंच असेल तर ब्लाऊजपीसचं टू बाय टू घ्या. नवी पेठ, टिळक चौक, मधला मारुती या पट्ट्यात पायी फिरलात तर अर्ध्या इंचाची जरीची लेस, बारीक टिचबटणं, अस्तर सगळं मिळतं. दुकानदाराला "बाहुलीसाठी" म्हणून सांगू नका, तो गौरीच्या साडीची लेस काढून दाखवेल. "अर्ध्या इंचाच्या आत" म्हणा.

खणाचा मोह सगळ्यांना होतो. अठरा इंचीचं परकर-पोलकं खणातच शोभतं. बार्बीला खणाची एक बुट्टी अख्खी छाती व्यापते. शिवाय कात्री लागली की धागे सुटायला लागतात, आणि शिवणीपलीकडे सोडलेल्या तीन मिलिमीटरच्या दाबात ते धागे थांबवणार कुठे? कापायच्या आधी रेषेवर कापडाचा गोंद फिरवून वाळू द्यावा लागतो.

हात की मशीन

बार्बीच्या नेहमीच्या साच्याची कंबर साधारण ९ सेंटिमीटर. दोन्ही कुशींना तुम्ही दोन-दोन मिलिमीटर जास्त आत घेतलं, तर पुढचा-मागचा भाग धरून ८ मिलिमीटर गेले. नऊ सेंटिमीटरमधून ८ मिलिमीटर म्हणजे ब्लाऊज मागे बंदच होत नाही. तेच ८ मिलिमीटर अठरा इंचीच्या २८ सेंटिमीटर कंबरेत हूक सरकवून खपून जातात. एवढ्या एका हिशेबावर मी सांगेन: हाताला धावदोरा आणि उलटी टीप यांची सवय असेल तर बार्बी, नाहीतर अठरा इंची.

बार्बीचं सगळं काम हाताने होऊ शकतं. एक ब्लाऊज म्हणजे संध्याकाळच्या दोन मालिकांएवढा वेळ. मशीनवर ते झटपट होईल असं वाटतं, पण झिगझॅग मशीनच्या पट्टीचं भोक रुंद असतं आणि मलमलचा कोपरा सुईबरोबर सरळ खाली ओढला जातो. इथे आजीचं काळं पायमशीन नव्याला भारी पडतं. ते फक्त सरळ टीप घालतं, म्हणून भोक लहान. कापडाखाली बटर पेपर ठेवा, टाका दीड मिलिमीटरचा, सुई ९ किंवा ११ नंबरची, आणि मुंढ्याच्या वळणावर पाय थांबवून चाक हाताने फिरवा. टीप झाली की पेपर फाडून काढायचा. वर्तमानपत्र वापरू नका, शाई लागते.

बाही मात्र तिन्ही मापांत एकाच पद्धतीने: आधी सपाट मुंढ्याला जोडायची, मग बाहीपासून कुशीपर्यंत एकच टीप. मोठ्यांच्या ब्लाऊजसारखी गोल बाही बसवायला गेलात तर बोट आत जात नाही. आणि बार्बीचा अंगठा! प्रत्येक बाहीत अडकतो. पंजावर प्लॅस्टिकच्या पिशवीचा लहान तुकडा गुंडाळा, बाही सुळकन सरकते. बीजेडीचे पंजेच काढून ठेवता येतात, तो एक त्रास नाही. तिच्या बाबतीत त्रास वेगळा: एकाच मापाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बाहुल्या कंपनीगणिक वेगळ्या. कुणी ५८ सेंटिमीटरची, कुणी ६५ ची. तयार कागदी पॅटर्न आणला तरी ओल्या टिश्यूने अंगावर साचा घ्यावाच लागतो. बार्बीही पूर्वीसारखी एकसाची राहिलेली नाही. २०१६ पासून भरलेल्या, उंच आणि ठेंगण्या अंगाच्याही येतात. एकीचं दुसरीला होईलच असं नाही.

नऊवारीची परीक्षा

मराठी माणूस हा छंद धरतो तो शेवटी नऊवारीसाठी, हे मान्य करून टाकू. आणि तिन्ही बाहुल्यांतला फरक इथेच उघडा पडतो.

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. सहाने भागलं तर बार्बीची साडी १३७ सेंटिमीटर लांब आणि पन्हा १९ सेंटिमीटर. कागदावर बिनचूक. पण कापडाची जाडी सहाने भागली जात नाही. सात निऱ्या घातल्या की चौदा पदर. मलमल असली तरी कमरेशी दोन-तीन मिलिमीटरचा गठ्ठा होतो, म्हणजे माणसाच्या पोटावर दीड सेंटिमीटरची वळकटी. म्हणून बार्बीला खरी नेसवू नका, शिवलेलीच करा: धोतरासारखे दोन पाय वेगळे, निऱ्या फक्त पुढच्या दर्शनी भागापुरत्या, इस्त्रीने बसवून वरून टाके घातलेल्या, कासोटा वेगळी पट्टी, पदर वेगळा. इरकलीचे चार इंची काठ या मापात पावणेदोन सेंटिमीटरवर येतात, तेव्हा खऱ्या इरकलीचा तुकडा वाया घालवू नका. साधं कापड आणि लेसचा काठ पुरतो.

अठरा इंचीला अर्धवट जमतं. निऱ्या खऱ्या पडतात, पण पोट पुढे आणि पाय आखूड, त्यामुळे कासोटा टिकत नाही. तिला परकर-पोलकंच द्या, गोड दिसते.

बीजेडीला नऊवारी खरोखर नेसवता येते. तिचे पाय लांब, कंबर बारीक, गुडघे वाकतात, आणि लग्नात बायका जशा पाय किंचित फाकवून नेसतात तसं उभं करता येतं. जुन्या इरकलीचा विरलेला भाग सोडून काठ आणि टोपाचा पदर वाचवला असेल, तर तो इथे सार्थकी लागतो. निव्वळ नेसवण्यात पैकीच्या पैकी गुण बीजेडीला.

पैसा आणि ऊन

आता तिचे गुण कापू. रेझिनची बाहुली बाहेरून मागवायची तर खेळण्यांवरचं आयात शुल्क लक्षात घ्या. ते २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. ऑर्डर देण्याआधी आजचा दर बघाच. दुसरं, रेझिन उन्हाने पिवळं पडतं. आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात ठेवायची हिंमत करू नका. लोखंडी कपाटात, मलमलमध्ये गुंडाळून.

बार्बीची भीती वेगळी, रंगाची. लाल, काळा, गर्द निळा रंग व्हिनाइलमध्ये उतरतो आणि तो डाग साबणाने जात नाही. कापड पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि गडद कपड्याला आतून पांढरं अस्तर लावाच. अठरा इंचीचं धड कापडी, त्यामुळे डाग पडला तरी कपड्याखाली झाकला जातो.

घरात लिओ कंपनीच्या शिक्क्याची जुनी, भारतात बनलेली बार्बी असेल, किंवा नव्वदच्या दशकातल्या राज्याराज्यांच्या पोशाखांच्या मालिकेतली, तर तिचा मूळ पोशाख काढून तिच्यावर प्रयोग करू नका. संग्राहक मूळ कपडे, डबा, चपला यांनाच पैसे मोजतात. सरावाला पोरीबाळींनी खेळून टाकलेली, केस विस्कटलेली बाहुली शोधा. नातेवाइकांकडे एखादी निघतेच.

कपडे शिवून विकायचा विचार असेल तर अठरा इंचीकडून सुरुवात नको. तिचं गिऱ्हाईक बहुतांशी अमेरिकेत, आणि पार्सलचा खर्च फ्रॉकच्या किमतीवर जातो. बार्बीची नऊवारी पाकिटात मावते, आणि ती बाहुली पुण्या-मुंबईतही घरोघरी आहे. फक्त बाहुली एक षष्ठांश आहे म्हणून मजुरी एक षष्ठांश लावू नका. वेळ मोठ्या ब्लाऊजपेक्षा जास्तच जातो. आणि कटिंगला बसताना पंखा बंद. सोलापुरात हे सोपं नाही, ठाऊक आहे, पण बार्बीच्या ब्लाऊजची बाही एकदा पलंगाखाली उडाली की नवी कापणं जास्त सोपं पडतं.