एमजीबी जीटी: इंजिन नंतर पाहा, आधी दरवाजाखालचा पत्रा

वर्षानुवर्षे धूळ खात पडलेली जुनी स्पोर्ट्‌सकार घेऊन ती पुन्हा रस्त्यावर आणण्याची ज्यांना हौस आहे, त्यांनी सुरुवात एमजी या ब्रिटिश कंपनीच्या एमजीबी या स्पोर्ट्सकारपासूनच करावी, असे माझे मत आहे. मात्र नेमकी कोणती एमजीबी घ्यावी हे ठरवताना बॉनेट उघडण्याच्या आधी जमिनीवर गुडघे टेकून दरवाजाखाली नजर टाकावी. हे परीक्षण १९७० सालच्या एमजीबी जीटीचे, म्हणजे छत असलेल्या आवृत्तीचे आहे. मी ती बऱ्याच काळापासून बंद असलेल्या अवस्थेत इंग्लंडमध्ये विकत घेतली आणि पत्र्याचे काम वगळता बाकीचे बहुतेक काम घरच्या शेडमध्येच केले. पुणे-चाकणच्या कारखान्यांतून कॉव्हेंट्री-बर्मिंगहॅमकडे आलेले काही मराठी अभियंते अशा गाड्यांची चौकशी करत असतात, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली आणि तिच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. १९६५ मध्ये आलेल्या जीटीच्या छपराची रेषा ठरवण्यात इटलीच्या पिनिनफरिना या डिझाइन कंपनीचा हात होता आणि गाडीकडे बाजूने पाहिले की ते लगेच जाणवते. (आज भारतात एमजी म्हटले की लोकांना हालोलला बनणारी हेक्टर आठवते, नावापलीकडे त्या दोघींचे काहीही नाते नाही.) पाच लाखांच्या या आकड्याचा खरा फायदा सुट्या भागांत दिसतो. जुन्या साच्यांवर काढलेली संपूर्ण नवी बॉडीसुद्धा १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने उपलब्ध करून दिली, त्यामुळे एखादा भाग मिळत नाही म्हणून काम अडून राहण्याची वेळ या गाडीत सहसा येत नाही.

आता मुख्य मुद्दा. या गाडीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते आणि त्या भाराचा मोठा वाटा दरवाजाखालच्या सिलवर, म्हणजे उंबरठ्यासारख्या पोकळ पेटीवर, असतो. बाहेरून एकच पट्टी दिसत असली, तरी प्रत्यक्षात आतली सिल, मधला उभा पडदा, बाहेरची सिल आणि खालचा घडीचा पत्रा मिळून ती पेटी तयार होते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात साचून राहतो, ओलावा धरतो आणि तिथून गंज या पेटीत शिरतो. पूर्वीच्या कुणा मालकाने कुजलेल्या सिलवरच नवी बाहेरची पट्टी वेल्ड करून, वर पुट्टी आणि रंग मारला असेल, तर वरून सारे चकचकीत दिसते. माझ्या गाडीत नेमके हेच झालेले होते. चुंबक लावला तर तो काही ठिकाणी धरतच नव्हता आणि बाहेरची पट्टी कापल्यावर आतला पडदा पापडासारखा हातात मोडून आला. म्हणून घेण्याआधी गाडी जॅकच्या ठरलेल्या जागेवरून उचलून दरवाजा उघडून-मिटून पाहावा. दरवाजा अडकू लागला किंवा त्याच्या मागची फट वर-खाली असमान झाली, तर समजावे की बॉडी वाकते आहे आणि किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी.

हे काम मी जवळच्याच एका छोट्या वर्कशॉपला दिले. पत्रा कापण्याआधी त्यांनी दरवाजाच्या चौकटीत आडव्या पट्ट्या वेल्ड करून ती जखडली, गाडीचे वजन सस्पेन्शनवर ठेवले आणि एक बाजू पूर्ण जोडून झाल्याशिवाय दुसरीला हात लावला नाही. दर टप्प्यावर दरवाजा बसवून फट मोजली. ही शिस्त नसलेल्या माणसाकडे सिलचे काम देऊच नये, कारण एकदा वाकडी जोडलेली बॉडी सरळ करणे जवळजवळ अशक्य असते. खर्च मात्र इंजिन, ब्रेक आणि वायरिंग यांच्या एकत्रित खर्चापेक्षाही जास्त आला आणि तो गाडीच्या बाजारभावातून कधी वसूल होईल, अशी आशा मी ठेवलेली नाही.

त्या मानाने १७९८ सीसीचे बी-सिरीज इंजिन अगदी गुणी आहे. १९६४ च्या अखेरीपासून त्याच्या क्रँकला (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) तीनऐवजी पाच मुख्य बेअरिंग आली आणि ते आणखी टणक झाले. बंद इंजिनाला थेट स्टार्टर मारण्याचा मोह आवरावा. चारही प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे, ते मुरू द्यावे आणि मग पुलीच्या नटाला पाना लावून क्रँक हाताने फिरवून पाहावा. तो मोकळा फिरला की जुने ऑइल काढून नवे २०डब्ल्यू-५० भरावे आणि प्लग न लावताच स्टार्टरवर इंजिन फिरवावे, म्हणजे ठिणगी पडण्याआधी बेअरिंगपर्यंत तेल पोहोचते. डॅशबोर्डवरचा तेलदाबाचा काटा हलायला लागला की निम्मी काळजी मिटते.

पेट्रोलची टाकी मात्र फसवी आहे. ती डिकीच्या तळाला खालून बांधलेली असते आणि वरच्या अंगाला अडकलेल्या मातीने तिथेच कुजते, म्हणजे खालून निरोगी दिसणारी टाकी वरून गळते. ती धुऊन-पुसून वापरण्यात अर्थ नाही. नवी स्वस्तात मिळते. मागच्या चाकाजवळचा एसयू कंपनीचा पेट्रोलचा विजेचा पंप बंद असेल, तर त्याचे पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) चिकटलेले असतात. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकल्यावर तो टकटकू लागला आणि कार्ब्युरेटर भरताच त्याची गती मंदावली, तर तो जिवंत आहे.

दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटरांना लोक उगाच घाबरतात. वरची टोपी काढून पिस्टन उचलून सोडावा. तो खाली येताना स्पष्ट ‘ठक्’ असा आवाज आला पाहिजे. तो मध्येच रेंगाळला तर आत मळ आहे किंवा जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) केंद्रावर नाही. पेट्रोल-हवेचे मिश्रण तपासण्यासाठी इंजिन गरम असताना बाजूची पिन किंचित दाबून पिस्टन थोडासा उचलावा: गती वाढून तशीच राहिली तर पेट्रोल जास्त, इंजिन गुदमरले तर कमी आणि क्षणभर वाढून पूर्ववत झाली तर बरोबर. रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे हवेच्या तोंडाशी धरून दोन्हींचा फुसफुसाट सारखा करणे, हा या दुरुस्तीतला मला सर्वांत आवडलेला भाग.

ब्रेकबाबत तडजोड नको. मास्टर सिलिंडर, चाकांतले सिलिंडर आणि रबरी होज एकदम बदलावेत. जुना होज बाहेरून चांगला दिसला तरी आतून फुगून बुजलेला असतो. ल्यूकास या ब्रिटिश कंपनीच्या विद्युत सामानाला इंग्रज लोक ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणून चिडवतात, पण माझ्या गाडीतले दोष बहुतेक गंजलेल्या अर्थिंगचे आणि फ्यूजबॉक्सच्या काळवंडलेल्या टोकांचे होते. ती घासून काढताच दिवे लागले. सीटमागच्या दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्यांऐवजी एकच १२ व्होल्टची बसवणे सोयीचे पडते.

एक तक्रार आहेच. भाग सहज मिळतात, पण सगळे विश्वासाचे नसतात. डिस्ट्रिब्युटरचा (प्लगना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाचा) नवा रोटर आणि कंडेन्सर अल्पावधीत निकामी झाले, तेव्हा त्या जागी जुनेच सामान साफ करून परत लावावे लागले. त्यामुळे काढलेला मूळ भाग, नवा भाग पुरेसा चालून दाखवत नाही तोवर फेकू नये.

चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत फारसा फरक न केलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये रोड टॅक्स भरावा लागत नाही आणि २०१८ पासून गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का हे पाहणाऱ्या वार्षिक एमओटी तपासणीतूनही सूट आहे. तरीही इतका काळ उभ्या राहिलेल्या गाडीची तपासणी स्वखुशीने करून घ्यावी, असे मी सुचवीन. २०२१ पासून तिथले साधे पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले, झाले आहे आणि जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही, म्हणून मी महागड्या सुपर प्रतीचे, कमी इथेनॉलचे ई५ भरतो आणि सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या लावून घेतल्या आहेत.

चालवायला गाडी संथ नाही, पण आजच्या अर्थाने वेगवानही नाही. स्टिअरिंग पार्किंग करताना जड आणि वळणदार रस्त्यावर नेमके, गिअरचा दांडा छोटा आणि खटकन बसणारा. ज्यांना रोज कामावर नेण्यासाठी गाडी हवी आहे किंवा ज्यांच्याकडे कोरडी, झाकलेली जागा नाही, त्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये. माझ्या गाडीचा ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिन कमी फिरवणारा जादा टप्पा) चौथ्या गिअरला लागतो, तिसऱ्याला अजून लागत नाही; गिअरबॉक्सवरचा स्विच बदलण्याचे काम या हिवाळ्यासाठी ठेवले आहे.