चार फुटी ट्यूब वीतभर तोंडाच्या डब्यात कशी घालायची?

घरातल्या घातक कचऱ्याचा हा डबा चांगला आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर खालचं वाचून कुणी घ्यायचाच नाही. पत्र्याचा, कुलूपवाला, चार कप्प्यांचा. सेल, बल्ब-ट्यूब, मुदत संपलेली औषधं आणि रंग-फवारणीचे डबे. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत एका कंपनीने मीटररूमजवळ बसवलाय. फ्लॅटमागे वर्षाला चारशे रुपये, महिन्यातून एकदा गाडी. बाकी माहिती सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरलेली आहे.

माझं भांडण एका कप्प्याशी आहे. त्यावर ठळक अक्षरांत ‘बल्ब-ट्यूब’ लिहिलंय. तोंड वीतभर, खोली जेमतेम दोन फूट. ट्यूब चार फुटांची. हे ज्याने डिझाइन केलं त्याच्या घरी बहुतेक पहिल्यापासून एलईडीच असणार.

त्यामुळे ट्यूबा डब्यामागे भिंतीला टेकून उभ्या. सगळी सोसायटी एकदम एलईडीवर गेल्यामुळे गठ्ठा वाढत गेला. वॉचमनकाकांनी नायलॉनच्या दोरीने बांधून ठेवल्या, तरी गणपतीच्या साफसफाईत एक सरकली आणि फाटकन फुटली. पांढरी पूड फरशीभर. काका झाडू घेऊन आले, त्यांना तिथेच थांबवलं. ट्यूबमध्ये पारा असतो, झाडूने तो आणखी पसरतो. दारं-खिडक्या उघडून पंधरा मिनिटं सगळ्यांना लांब ठेवलं, मग काचा जाड पुठ्ठ्याने उचलल्या, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपला, ओल्या कागदाने फरशी पुसली आणि सगळं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून झाकण घट्ट लावलं.

कंपनीला फोन केला. उत्तर ऐका: फुटलेली ट्यूब घेत नाही, आणि अखंड असेल तर डब्यात टाका. डब्यात मावत नाही म्हटलं तर ‘सर, कम्प्लेंट नोंदवलीय.’ ती अजून नोंदवलेलीच आहे.

मात्र एका बाबतीत मत बदललं. तोंड लहान ठेवण्यात नुसता गाढवपणा आहे असं मी समजत होतो. गाडीवरच्या पोराने सांगितलं, दुसऱ्या एका सोसायटीत मोठ्या तोंडाचा डबा ठेवला होता, त्यात लोक डायपर आणि पिझ्झाची खोकी कोंबायचे. शिवाय औषधांच्या कप्प्यात लहान मुलाचा हात जाता कामा नये. पटलं. सेल आणि औषधांना लहानच तोंड हवं. पण मग ट्यूबसाठी बाजूला एक उभं खोकं द्या ना! पुठ्ठ्याचं चालेल. नवी ट्यूब येते त्याच वेष्टनात जुनी घालून उभी करता येते, एवढी साधी गोष्ट.

ट्यूबवरून एवढा त्रागा कशाला, असं आमच्या खजिनदारांनी विचारलं. एका सीएफएलमध्ये, म्हणजे ट्यूबच्याच जातीच्या छोट्या बल्बमध्ये, साधारण पाच मिलिग्रॅमपर्यंत पारा असतो. आपल्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे शंभरावर सीएफएल एकाच नळीत. हे सांगितल्यावर त्यांनी स्वतःच्या कपाटातले दोन थर्मामीटर आणून दिले. ते मात्र डब्यात बरोब्बर मावले.

सुखद धक्का सुयांचा. आईच्या इन्सुलिनच्या सुया आम्ही फिनेलच्या जाड बाटलीत जमवायचो आणि बाटली भरली की प्रश्न पडायचा. कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हाताला टोचेल म्हणून सुक्या कचऱ्यात द्यायची हिंमत होत नसे. इथे झाकण बंद बाटली जशीच्या तशी घेतात, पावतीवर वजनही लिहितात. एवढ्यासाठी मी चारशे रुपये आनंदाने देतो, आणि मी सहजासहजी पैसे देणारा नाही.

ते बघून खालच्या दंतवैद्यांनीही आपल्या सुया पाठवून दिल्या. गाडीवाल्याने परत केल्या, योग्यच केलं. दवाखान्याचा कचरा जैववैद्यकीय नियमांत येतो. सुया पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात आणि अनेक दवाखान्यांचा कचरा एकत्र नष्ट करणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्राशी वेगळा करार. रहिवाशांच्या वर्गणीत दवाखाना चालवायचा नाही. मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या फुगलेल्या बॅटऱ्यांनाही नकार मिळाला. तो आता त्यांच्या टोकांना टेप लावून, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात वेगळ्या ठेवतो आणि रिसायकलरला देतो.

इन्व्हर्टरची बॅटरी इथे कुणीही टाकत नाही, टाकूही नका. शिशाला भाव आहे. नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वळते करतो. भंगारवाला कदाचित थोडे जास्त देईल, पण तो ॲसिड गटारात ओततो. डब्यात येतं ते ज्याला कुणी दमडी देत नाही तेच, आणि नेमकं तेच न्यायचे पैसे आपण भरतो.

खरं तर भरायला नकोत. २०१६ च्या घनकचरा नियमांत दर वीस चौरस किलोमीटरला घरगुती घातक कचऱ्याचं एक संकलन केंद्र सांगितलं होतं. पुण्याचं क्षेत्रफळ आता साडेचारशे चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे वीसहून जास्त केंद्रं. तुमच्या घरापासचं केंद्र माहीत असेल तर खाली लिहा, मी ट्यूबा रिक्षाने आणून देईन.

वर्गणी मार्चला संपतेय. सेक्रेटरींना सांगून ठेवलंय, ट्यूबचं खोकं आलं तरच चेक. आणि ती लोणच्याची बरणी अजून मीटररूममध्येच आहे, तिला हात लावू नका.